स्वस्त, सवंग आणि ‘चीप’

काही वर्षांपूर्वी आमच्या घरात एका शब्दावरून अबोला झाला होता. दिवाळीसाठी आईनं नातीला, म्हणजे माझ्या पुतणीला, ड्रेसचं कापड आणलं. पुतणी इंग्रजी शाळेत शिकलेली. कापड हातात घेऊन ती म्हणाली, ‘‘आजी, हे जरा चीप वाटतंय गं.’’ आई खूश होऊन म्हणाली, ‘‘मग! सेलमध्ये मिळालं. तीनशेचं दीडशेला!’’ सगळे हसले. का हसले ते आईला नंतर कळलं आणि तिचा चेहरा उतरला. दोन दिवस ती नातीशी बोलली नाही.

मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेलं, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. ‘‘चीप म्हणजे स्वस्तच ना रे?’’ आईनं विचारलं. ‘हो’ म्हणावं तर पुतणीच्या बोलण्यातला तुच्छ भाव नाकारल्यासारखं होत होतं, ‘नाही’ म्हणावं तर शब्दकोश आड येत होता. त्या निमित्तानं मी या शब्दाच्या मागे लागलो.

गंमत अशी, की ‘चीप’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा नव्हताच. जुन्या इंग्रजीत ते नाम होतं आणि त्याचा अर्थ होता सौदा, खरेदीविक्री, बाजार. त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक लॅटिनमधल्या ‘काउपो’ या शब्दात शोधतात. काउपो म्हणजे छोटा दुकानदार किंवा खाणावळवाला. रोमन व्यापाऱ्यांकडून हा शब्द उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांनी उचलला. जर्मन भाषेत विकत घेणं म्हणजे ‘काउफेन’, ते याच कुळातलं. डेन्मार्कच्या राजधानीचं, कोपनहेगनचं, नावही त्यातलंच. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचं बंदर.

लंडनमध्ये ‘चीपसाइड’ नावाचा रस्ता आहे. नाव ऐकून वाटतं, इथं हलका माल मिळत असेल. पण ते नाव पडलं ते केवळ तिथं बाजार भरत असे म्हणून. मध्ययुगात लंडनची ही मोठी बाजारपेठ होती. तिला फुटणाऱ्या गल्ल्यांची नावं आजही ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, हनी लेन अशी आहेत. म्हणजे आपल्याकडच्या तांबट आळी, कापड बाजार यांसारखाच प्रकार. कवी मिल्टन १६०८ साली याच ब्रेड स्ट्रीटवर जन्मला.

या चीपसाइडवर सोनारांच्या पेढ्यांची मोठी ओळ होती. १९१२ साली तिथली एक जुनी इमारत पाडताना मजुरांना जमिनीखाली दागिन्यांचा साठा सापडला. सोळाव्या-सतराव्या शतकांतले सुमारे ५०० दागिने आणि रत्नं! त्यात कोलंबियाचा पाचू होता, सिंहलद्वीपाची रत्नं होती आणि आपल्या हिंदुस्थानातले हिरेही होते. लंडनमधला एवढा मौल्यवान ठेवा निघाला तो ‘चीप’ नावाच्या रस्त्याखाली.

मग बाजाराचा हा शब्द ‘स्वस्त’ कसा झाला? पूर्वी इंग्रज ‘गुड चीप’ असं म्हणत. म्हणजे चांगला सौदा. फ्रेंच भाषेत स्वस्ताला आजही ‘बाँ मार्शे’ म्हणतात, त्याचाही शब्दशः अर्थ चांगला बाजार. पुढे सोळाव्या शतकात इंग्रजांच्या बोलण्यातला ‘गुड’ गळाला आणि नुसतं ‘चीप’ राहिलं. नामाचं विशेषण झालं. आणि त्याच शतकाच्या अखेरीस त्याला तुच्छतेचा वासही लागला. शेक्सपियरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात राजा युवराजाला बजावतो, की सारखा लोकांत मिसळलास तर तुझी किंमत राहणार नाही. तिथं त्यानं ‘चीप’ हाच शब्द वापरला आहे. आणि हा युवराज फॉल्स्टाफबरोबर ज्या गुत्त्यात बसतो, तो आहे ‘ईस्टचीप’मध्ये. एकाच नाटकात ‘चीप’ बाजारही आहे आणि हलकाही.

पुढे शब्दाची ही बाजू इतकी वाढली, की दुकानदारांना तो अडचणीचा होऊ लागला. आपला माल ‘चीप’ आहे असं सांगितलं, तर तो टाकाऊ वाटायचा. मग ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, ‘रीझनेबल’, ‘इकॉनॉमिकल’, ‘अफोर्डेबल’ असे शब्द त्याच्या जागी आले. अर्थ जवळपास तोच, पण गिऱ्हाइकाचा मान राखणारा.

आपल्याकडेही हेच घडलं आहे. संस्कृतात ‘अर्घ’ म्हणजे किंमत. ‘महार्घ’ म्हणजे मोठ्या किमतीचं. त्यावरून आपलं ‘महाग’ आलं. त्याचा जोडीदार ‘समर्घ’, म्हणजे स्वस्त. त्यावरून मराठीत आलं ‘सवंग’. सवंग म्हणजे मुळात फक्त स्वस्त. त्यात हलकेपणा काही नव्हता. आज मात्र आपण सवंग धान्य म्हणत नाही. सवंग विनोद म्हणतो, सवंग लोकप्रियता म्हणतो. इंग्रजी ‘चीप’ एका शब्दात दोन्ही अर्थ वागवतो. मराठीनं वाटणी केली. किमतीचा अर्थ ‘स्वस्त’कडे ठेवला आणि हलकेपणा ‘सवंग’च्या पदरात टाकला.

दुकानदारांची अडचण आपणही तशीच सोडवली. ‘वाजवी’ आणि ‘किफायत’ अरबीतून आले, ‘रास्त’ फारसीतून. वाजिब म्हणजे योग्य, किफायत म्हणजे पुरेसं असणं, रास्त म्हणजे सरळ, खरं. सरकारनं रेशनच्या दुकानाला ‘स्वस्त धान्य दुकान’ही म्हटलं आणि ‘रास्त भाव दुकान’ही. आई कित्येक वर्षं त्या रांगेत पिशवी घेऊन उभी राहिली आहे. त्या गव्हाच्या पोळ्या खाऊन आम्ही तिघं भावंडं शिकलो. तिच्या लेखी स्वस्त हा अपमानाचा शब्द असणंच शक्य नव्हतं.

पण आणखी एक शब्द आहे, तो मात्र विसरून चालणार नाही. इंग्रज ‘डर्ट चीप’ म्हणतात, आपण ‘मातीमोल’ म्हणतो. दोन्हीकडे मातीच. शहरात कांदा स्वस्त झाला की आपण खूश होतो. त्याच दिवशी बाजार समितीत शेतकरी म्हणत असतो, कांदा मातीमोल गेला, कवडीमोल गेला. भाव एकच, पण घेणाऱ्याचा शब्द वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा. ‘चीप’ जेव्हा नुसता सौदा होता, तेव्हा त्यात घेणारा आणि देणारा दोघंही होते. तो ‘स्वस्त’ झाला तेव्हा त्यात फक्त घेणारा उरला. आणि तो ‘हलका’ झाला तेव्हा घेणाऱ्याचीही अब्रू गेली. या शब्दाचा सगळा इतिहास मला या तीन पायऱ्यांत दिसतो.

हे सगळं मी दोघींना बसवून सांगितलं. पुतणीनं ऐकून घेतलं आणि आजीला विचारलं, ‘‘तू ते कापड का निवडलंस गं?’’ आई म्हणाली, ‘‘अगं, सुती आहे. तुला घामोळं येतं ना उन्हाळ्यात.’’

पुतणी गप्प झाली. कापड शिंप्याकडे गेलं. पुढचे दोन उन्हाळे ती घरात तोच ड्रेस घालायची आणि कुणी विचारलं, तर सांगायची, ‘‘आजीनं आणलाय. स्वस्तात मिळाला.’’