तापाच्या गोळीची गोष्ट



घरातली साखर संपली असेल, चहापत्ती शेजारणीकडून आणावी लागेल, पण तापाची गोळी कुठल्या तरी डब्यात सापडतेच. पॅरासिटामॉल. खुरपणीहून येताना कणकण वाटली, डोकं ठणकलं, अंग मोडून आलं, की आपण ती पाण्याबरोबर घेतो आणि कामाला लागतो. थोड्या वेळाने घाम येतो, ताप उतरतो. गोळीचं काम झालं, असं आपण समजतो. पण ती गोळी गेली कुठे? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आज आपण तीच गोष्ट ऐकणार आहोत. ऐकायची अशासाठी, की गोष्टीच्या शेवटी एका जिवाचा प्रश्न आहे.

सुरुवात होते १८४२ साली, जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावात. तिथे व्होलर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या केलर नावाच्या तरुणाने रात्री झोपण्याआधी बेंझोइक आम्ल घेतलं. आपण देवापुढे जो ऊद जाळतो, त्यात हे आम्ल असतं. सकाळी त्याने स्वतःची लघवी तपासली. त्यात वेगळंच द्रव्य निघालं, हिप्युरिक आम्ल. हे द्रव्य तोवर घोड्याच्या लघवीतून ओळखीचं झालेलं होतं. म्हणजे पोटात गेलं एक आणि बाहेर आलं दुसरंच. शरीराने रातोरात त्या आम्लाला आपल्याजवळचं एक द्रव्य जोडलं होतं. औषध जसं गिळतो तसंच ते बाहेर पडत नाही, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

शरीर एवढा खटाटोप का करतं? तेलकट भांडं आठवा. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. राख लावली, घासलं, की तेल सुटतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. बरीचशी औषधं, तशीच बाहेरून शरीरात शिरणारी रसायनं, या तेलासारखी असतात. लघवीच्या पाण्यात ती सहज मिसळत नाहीत. तशीच राहिली तर अंगात साठत जातील. म्हणून यकृत त्यांना आधी थोडं बदलतं, मग त्यांना एखादं पाण्यात विरघळणारं द्रव्य चिकटवतं आणि बाहेर घालवतं. यकृत म्हणजे लिव्हर, उजव्या बरगड्यांच्या आत असतं ते. बोकडाचं असलं तर आपण त्यालाच कलेजी म्हणतो.

यकृतात हे काम करणारे कामगार म्हणजे विकर. डॉक्टर त्यांना एन्झाइम म्हणतात. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा घालतो ना? मांस मऊ करण्याचं ते काम पपईच्या चिकातला विकरच करतो. आपल्या यकृतात असे कितीतरी विकर आहेत आणि ज्याचं त्याचं काम वेगळं आहे.

आता तापाच्या गोळीकडे येऊ. साल १८८६. गाव स्ट्रासबुर्ग. आज ते फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मनीत होतं. कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर पोटातल्या जंतांवर नॅफ्थलीन देऊन पाहत होते. नॅफ्थलीन म्हणजे कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळीतलं द्रव्य. त्या काळी तेही पोटात देत. जंतांवर फारसा परिणाम दिसेना, पण एका रोग्याचा ताप मात्र झपाट्याने उतरला. शोध घेतल्यावर कळलं, की औषधाच्या दुकानातून नॅफ्थलीनऐवजी चुकून दुसरीच पूड आली होती, ॲसिटॅनिलाइड. एका चुकीतून तापाचं औषध हाती लागलं आणि लगेच बाजारातही आलं.

ताप उतरायचा, दुखणं थांबायचं. पण काही रोग्यांचे ओठ आणि नखं निळी पडायची. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी व्हायची. गुण देणारं औषध असं घातही का करतं, हे कोणाला नीट सांगता येईना. १८९३ मध्ये फॉन मेरिंग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी पॅरासिटामॉलही रोग्यांना देऊन पाहिलं होतं. पण ते धोक्याचं वाटलं आणि बाजूला पडलं. तिथे ते जवळजवळ पन्नास वर्षं पडून राहिलं.

कोडं सुटलं अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात. ज्युलियस ॲक्सेलरॉड हे टोपल्या विणणाऱ्या एका स्थलांतरिताचे चिरंजीव. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. ते प्रयोगशाळेत नोकरी करत होते. तिथे बाटली फुटून एक डोळा निकामी झाला होता. १९४६ मध्ये ते बर्नार्ड ब्रॉडी या शास्त्रज्ञांकडे काम करू लागले. दोघांनी आपण मघाशी विचारला तोच प्रश्न विचारला : पोटात गेलेल्या ॲसिटॅनिलाइडचं होतं काय?

त्यांनी माणसांचं रक्त आणि लघवी तपासली. उत्तर १९४८ मध्ये छापून आलं. शरीर त्या औषधाचा बहुतेक भाग बदलून त्याचं पॅरासिटामॉल करतं, आणि ताप-दुखणं घालवण्याचं काम मुख्यतः हे पॅरासिटामॉलच करतं. थोड्या भागाचं ॲनिलीन होतं, आणि रक्त बिघडवतं ते हे ॲनिलीन. गुण एकाचा, घात दुसऱ्याचा, आणि दोन्ही तयार होतात आपल्याच शरीरात! मग सरळ पॅरासिटामॉलच का देऊ नये? १९५५ मध्ये अमेरिकेत आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ते औषध म्हणून विकायला आलं. तीच आपल्या डब्यातली गोळी. ॲक्सेलरॉड यांना पुढे १९७० मध्ये मज्जातंतूंवरच्या वेगळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

यकृतातल्या कामगारांची ओळखही याच काळात पटत गेली. १९६२ मध्ये ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी यकृतातल्या एका रंगद्रव्याला पी-४५० असं नाव दिलं. पुढे कळलं की हा एकटा नाही, मोठं खटलं आहे. आपण घेतो त्या बऱ्याच औषधांना पहिला हात लावतात ते याच खटल्यातले विकर.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण १९६६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या डॉक्टरांनी कळवलं, की पॅरासिटामॉल फार मोठ्या प्रमाणात पोटात गेलेल्या रोग्यांचं यकृत जळाल्यासारखं नष्ट झालं. प्रमाणात घेतलं तर इतकं साधं असलेलं औषध जास्त झालं की जीव का घेतं? याचा उलगडा १९७३ मध्ये ब्रॉडी यांच्याच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून झाला.

यकृत पॅरासिटामॉलचा मोठा भाग सरळ मार्गाने बाहेर घालवतं. थोडासा भाग मात्र पी-४५० विकरांच्या हाती लागतो आणि त्यातून एक जहाल द्रव्य तयार होतं. त्याला निकामी करायला यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. आपल्या भांड्यांची राखच म्हणा. गोळी प्रमाणात असली तर राख पुरते. गोळ्या जास्त झाल्या की राख संपते, आणि ते जहाल द्रव्य यकृताच्या पेशींनाच डसतं. हे कळलं म्हणून उतारा सापडला. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध दिलं की यकृत नवी राख तयार करतं. १९७७ मध्ये एडिंबरोचे डॉक्टर प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिरेतून देऊन रोगी वाचवल्याचं दाखवून दिलं. मात्र ते पहिल्या आठ तासांत मिळालं तर सगळ्यात चांगलं. जितका उशीर तितका धोका मोठा.

मैत्रिणींनो, गावोगावी आम्ही एक वाक्य नेहमी ऐकतो : “एका गोळीने उतरला नाही, म्हणून लगेच आणखी दोन घेतल्या.” आता आपल्याला यकृतातला हिशोब ठाऊक झाला आहे. दोन डोसांमध्ये निदान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्यावेत. धडधाकट मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या किंवा ६५० च्या ६. आणि हा शेवटचा काठ आहे, रोज घ्यायचं माप नव्हे. अंगाने अगदी किरकोळ बाई, खूप दिवस पोटभर न जेवलेलं माणूस, काविळीचा किंवा यकृताचा रोगी, यांची राख मुळात कमी असते. रोज दारू पिणाऱ्याच्या यकृतात ते जहाल द्रव्य करणारा विकर वाढलेला असतो. या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. नावं वेगळी, औषध एकच. म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. लेकरांचा डोस वजनावर ठरतो. बाटलीबरोबर आलेल्या मापानेच औषध द्या, घरातला चमचा नको.

दारूने जसा विकर वाढतो, तसा काही औषधांनीही वाढतो. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृतातले विकर जोमात आणतं आणि गर्भनिरोधक गोळी वेळेआधीच संपवून टाकतं. १९७० नंतरच्या वर्षांत जर्मनीतल्या डॉक्टरांना अशा बायकांमध्ये पाळी बिघडलेली आणि काहींना दिवस गेलेले आढळले. तेव्हा टीबीचं औषध चालू असेल तर पाळणा लांबवण्यासाठी दुसरं कोणतं साधन वापरायचं, हे डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना न लाजता विचारा. टीबीचं औषध मात्र मनाने बंद करू नका.

शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. चुकून लेकराने गोळ्या खाल्ल्या, किंवा घरात कोणी रागाच्या, दुःखाच्या भरात जास्त गोळ्या घेतल्या, तर पहिल्या दिवशी ते माणूस ठीकठाक दिसू शकतं. थोडी मळमळ, एखादी उलटी, बस. “काही झालं नाही” म्हणून घरचे गप्प बसतात. यकृत मात्र आत तुटत असतं आणि दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्याच घडीला १०८ ला फोन लावा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. रिकामं पाकीट बरोबर घ्या. गोळ्या कधी घेतल्या, ती वेळ सांगा. लाजेपायी लपवू नका आणि त्या माणसाला बोल लावू नका. आधी जीव वाचू द्या, मग शेजारी बसून त्याचं दुःख ऐका.