वरकस जमिनीचा हिशेब



कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना वाशिंद स्टेशन लागतें. १८५५ सालीं आगगाडी येथपर्यंत आली. पावसाळ्यांत तिच्या खिडकींतून खालीं भाताचीं खाचरें आणि वर उतारावर नाचणी-वरीचे तुकडे दिसतात. शहरवासीयांस हें नुसतें हिरवें चित्र वाटतें. पण त्यांत एक जुना हिशेब मांडलेला आहे.

उतारावरच्या हलक्या जमिनीस इकडे वरकस म्हणतात. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यानें तिजवर पिकांची पाळी लावून दिली होती. पहिल्या वर्षीं नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरी, पुढें तीळ किंवा खुरासणी, आणि मग कांहीं वर्षें पड. तेंच पीक तेथेंच वारंवार घेतलें, तर त्याच्या सोबतीनें वाढणारें तण आणि कीड मातब्बर होतात. पीक पालटलें कीं पेरणीची व बेणणीची वेळ पालटते, आणि तणाची घडी विस्कटते. शेवटीं पड जमिनीवर गवत-झुडपें वाढतात, पाला कुजतो, व गेलेला कस हळूहळू परत येतो.

खाचरांत भातामागून वाल पेरीत. भाताचें तण पाण्यांत वाढणारें. वालाच्या दिवसांत जमीन सुकत जाते, म्हणून तें पुष्कळसें मरतें. शिवाय वालाच्या मुळांवर गांठी असतात. त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतला नत्रवायु वनस्पतीस उपयोगी करून देतात, हें जर्मनींत हेल्रीगेल यानें १८८६ सालीं जाहीर केलें. आमच्या शेतकऱ्यास कारण ठाऊक नव्हतें. गुण मात्र ठाऊक होता. पण अतिशयोक्ति नको. त्या नत्राचा मोठा वांटा दाण्यांबरोबर घरीं जातो. मुळें व पाला यांतून राहील तेवढाच जमिनीचा. म्हणून वालानें शेणखताची गरज भागत नाहीं.

१८८९ सालीं विलायतेहून व्होल्कर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती पाहावयास आले. येथील शेतकऱ्यास फेरपालट कळत नाहीं, हा समज त्यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत खोडून काढला.

मग ही पाळी मोडली कशानें? अज्ञानानें नव्हे. राबासाठीं झाडांच्या टहाळ्या तोडण्यावर जंगलखात्यानें निर्बंध घातले. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठीं १८८५ सालीं सरकारास कमिशन नेमावें लागलें. पुढें माणसें वाढलीं, जमिनीच्या वांटण्या झाल्या. ज्याच्याजवळ दोनच तुकडे, तो एक पड ठेवील कसा? विश्रांतीचीं वर्षें घटलीं, म्हणजे हिशेबांतली जमेची बाजूच पुसली गेली.

आतां तर खाचराची वरची माती वीटभट्टीकडे जाते. पाळी चुकली तर पुन्हां लावतां येते. पण कसदार थर एकदां भाजून भिंतींत बसला, कीं तो शेतांत परतत नाहीं.

मास्तरकीच्या संवयीनें एकच प्रश्न विचारतों. वालाचें बिरडें आणि नाचणीची भाकरी आपल्या पानांत आठवड्यांतून किती वेळां येते? ज्या धान्याला गिऱ्हाईक नाहीं, तें शेतकरी केवळ जमिनीच्या भल्यासाठीं पेरील, अशी अपेक्षा करणें न्याय्य नाहीं. पिकांची पाळी शेतांत टिकावी असें वाटत असेल, तर ती प्रथम आपल्या स्वयंपाकघरांत टिकली पाहिजे.