सवायकी, दिडकी आणि धानाचे कर्ज

भंडारा जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात धान अजूनही खंडीने मोजले जाते. खंडी, पायली, शेर ही मापे आणि लहान मुलांचे पाढे यांचा एके काळी थेट संबंध होता.

पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने अंक गिरवी. चुकले की धूळ सारखी करायची आणि पुन्हा गिरवायचे. नंतर उजळणी आणि पाढे येत. मात्र खरी कसोटी अपूर्णांकांच्या पाढ्यांची होती : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी साडेतिनाची औटकी. संध्याकाळी घरी दिव्यापाशी परवचा म्हणताना हे सारे पुन्हा म्हणून घेतले जाई.

इंग्रजी अमदानीतील शिक्षणतज्ज्ञांनी या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवली. ती टीका निम्मीच खरी आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. हा सगळा व्यवहार पाव-अर्ध्याच्या पटीत चालत असे. सहा आणे शेराच्या भावाने अडीच शेर तांदूळ घेतले तर कागद लागत नसे. सहा अडीचे पंधरा, म्हणजे रुपयाला एक आणा कमी. बाजारात उभ्या उभ्या हिशेब करण्याचे ते साधन होते.

पण हे साधन कोणाच्या हाती होते? पेरणीच्या तोंडाशी शेतकरी सावकाराकडून बियाणे उसने आणी, ते ‘सवाई’ने किंवा ‘दिढी’ने. म्हणजे हंगामाला सव्वापट किंवा दीडपट धान्य परत करायचे. मध्य प्रांतापासून दख्खनपर्यंत ही रीत होती. दिढीची एक खंडी एका हंगामात दीड होई. पीक बुडाले आणि देणे थकले, तर दीड दिढे सव्वादोन. सवायकी-दिडकी तोंडपाठ असलेला माणूस वहीत लिही आणि ती न शिकलेला त्याखाली अंगठा उठवी. पंतोजींच्या ओसरीवर मुख्यतः ब्राह्मण आणि व्यापारी घरांतील मुलगे बसत. कुणब्यांची, अस्पृश्यांची मुले क्वचितच, आणि मुली जवळजवळ नाहीतच. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही मागितला, त्यामागचे कारण इथे स्पष्ट दिसते.

या पाढ्यांचा अंत मात्र कोणा सुधारकाने केला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आणा आता सव्वासहा पैशांचा झाला. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला. पावकीला पाठ करण्याजोगे कारणच उरले नाही.

त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही. गाजावाजा झाला तो जून २०१९ मध्ये. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले आणि वाद थेट विधिमंडळात पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : मूल ऐकते आधी ‘एक’ आणि लिहायचे असते आधी २, म्हणून अंकांची उलटापालट होते, शिवाय जोडाक्षरांनी संख्यानामे जड होतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये दशक आधीच येतो. मराठीत तर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एक उणे’ची रीत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक मोडते. सहा-सात वर्षांच्या मुलाने याचे कारण विचारले तर सांगणार काय?

परंपरा बुडाल्याची हाकाटी करणाऱ्यांपैकी औटकी किती जणांना येत होती, हाही प्रश्नच आहे. औट म्हणजे अर्धचतुर्थ, तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. हा शब्द आता उरला आहे तो बहुधा ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारात. घटका चोवीस मिनिटांची धरली तर ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे होते.