बाबांचा प्रश्न : "यात काय नाही, ते लिही"

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि समोर एक्सेलची शीट. सात फोन, चौदा रकाने. प्रोसेसर, रॅम, कॅमेरा, बॅटरी, डिस्प्ले... कुठल्या रकान्याला किती वेटेज, कोणाला किती मार्क, सगळं फॉर्म्युले लावून तयार. तुमच्यापैकी जे आयटीत आहेत ते हसतील, कारण हे प्रत्येकाने कधी ना कधी केलेलंच आहे :)

फोन घ्यायचा होता बाबांसाठी. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, राहतात साताऱ्याला. त्यांच्या जुन्या फोनला तसं काहीही झालेलं नाही. काच शाबूत, आवाज खणखणीत, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते. फक्त गेल्या महिन्यात त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपने सांगून टाकलं की या फोनवर आता चालणार नाही, फोनची सिस्टिम फार जुनी झाली. पेन्शन त्याच खात्यात, लाइटबिल त्याच अ‍ॅपवरून. म्हणजे फोन धडधाकट, पण बँकेच्या लेखी मेलेला!

शीट बाबांना पाठवली. दहा मिनिटांत फोन आला.

"अरे, कशात काय आहे ते सगळं लिहिलंस. यात काय नाही, ते कुठंय?"

"नाही म्हणजे?"

"म्हणजे गाडीत एक गोष्ट वाढवली की दुसरी कुठेतरी कमी होतेच ना. फुकट काही येत नाही. ते लिही."

झालं! पंधरावा रकाना टाकला : 'काय सोडलं?' आणि तो भरायला बसलो तर अख्खा शनिवार-रविवार फोनच्या इतिहासात गेला. त्यातलं जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात पहिल्यापासून. मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने ३ एप्रिल १९७३ ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाईलवरून पहिला फोन लावला, आणि तो लावला कोणाला, तर प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंगेलला. (खोडी काढावी तर अशी!) तो फोन किलोभर वजनाचा होता. बाजारात येण्यासारखं रूप यायला पुढे दहा वर्षं लागली. १९८३ मध्ये मंजुरी मिळालेला डायनाटॅक ८०००एक्स साधारण ८०० ग्रॅमचा, किंमत ३,९९५ डॉलर. दहा तास चार्ज करा आणि अर्धा तास बोला.

आज हे वाचून हसू येतं. पण एक गोष्ट बघा, त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. वजन हाताला कळत होतं, किंमत खिशाला कळत होती आणि अर्धा तास झाला की बॅटरी स्वतःच सांगत होती. तारेपासून सुटका हवी, तर वजन, पैसा आणि वेळ द्या. घेणारा डोळे उघडे ठेवून सौदा करत होता.

दुसरी गोष्ट फोनची नाही, पण स्मार्टफोनच्या आजोबांची म्हणता येईल. १९९३ मध्ये अ‍ॅपलने न्यूटन नावाचं हातात धरायचं यंत्र आणलं. तुम्ही तुमच्या अक्षरात लिहा, यंत्र ते ओळखेल, असा वायदा होता. यंत्राला ते काही नीट जमेना. इतकी चुकीची अक्षरं उमटायची की वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांत त्याची टिंगल झाली.

तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, पाम पायलट आला. त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स आधी खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडत होता. मीटिंग ठरली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्याचं नाटक करायचं. खरंच काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्यातून कळत गेलं. आणि हस्ताक्षराचं काय केलं? त्याने प्रश्नच उलटा केला. यंत्राने माणसाचं अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच थोडं शिकावं! ग्राफिटी नावाची सोपी लिपी दिली. बहुतेक अक्षरं एका फटकाऱ्यात, इंग्रजी 'ए' ची आडवी रेघ काढायचीच नाही. लोकांनी कुरकुर न करता ती शिकून घेतली. बदल्यात काय मिळालं, तर खिशात मावणारं, २९९ डॉलरपासून मिळणारं आणि दोन छोट्या सेलवर कित्येक आठवडे चालणारं यंत्र.

मला हा सौदा फार आवडतो. सोडलेली गोष्ट वापरणाऱ्याला पहिल्या मिनिटाला दिसते, आणि मिळालेली रोज दिसते.

आता आपल्याकडे येऊ. भारतात मोबाईल सुरू झाला ३१ जुलै १९९५ ला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन लावला तेव्हा. इनकमिंगचेही पैसे पडायचे ते दिवस आठवतात का? मिस्ड कॉलची आपली संस्कृती त्यातूनच आली. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मोबाईल साहेबांच्या हातातून रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या हातात गेला.

त्याच २००३ मध्ये नोकियाने दोन फोन काढले. एक ६६०० : रंगीत पडदा, कॅमेरा, ब्लूटूथ, वर सॉफ्टवेअरही टाकता येई. कॉलेजात ज्याच्याकडे तो असे त्याच्याभोवती घोळका! दुसरा ११०० : काळा-पांढरा पडदा, कॅमेरा नाही, इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही. होतं काय, तर धूळ आत जाऊ नये असा सलग कीपॅड, घामट हातातून निसटू नये अशा खरबरीत कडा, आणि वर एक टॉर्च. त्या काळात महाराष्ट्रात लोडशेडिंग किती होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना टॉर्चची किंमत वेगळी सांगायला नको. ६६०० नेही नाव कमावलं, पण ११०० जगभर पंचवीस कोटींच्या घरात खपला. विकल्या गेलेल्या फोनच्या इतिहासात त्याचं नाव अगदी वरच्या ओळीत आहे.

माझ्या शीटमध्ये ११०० घातला असता तर शेवटचा आला असता. कारण माझ्या चौदा रकान्यांत 'टॉर्च' हा रकानाच नाही.

मग आलं २००७. आयफोनची घोषणा ९ जानेवारीला झाली, विक्री २९ जूनला. त्याच सुमारास बाजारात नोकियाचा एन९५ होता. कागदावर तुलना केली तर सामना एकतर्फी आहे. एन९५ मध्ये थ्रीजी, जीपीएस, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, व्हिडिओ शूटिंग, मेमरी कार्ड. आयफोनमध्ये यातलं काहीच नाही, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, व्हिडिओ बंद, बाहेरची अ‍ॅप्स टाकायची सोय नाही. कॉपी-पेस्ट तर २००९ मध्ये आलं! थ्रीजी का नाही, यावर स्टीव्ह जॉब्जचं उत्तर होतं की त्या वेळच्या थ्रीजी चिप्स बॅटरी फार खातात.

म्हणजे मोठा पडदा आणि त्यावर बोटाने लोण्यासारखं सरकणं, एवढं एक काम चोख व्हावं म्हणून डझनभर गोष्टींवर पाणी सोडलं. तुम्ही प्रोजेक्टवर काम करत असाल तर हे किती अवघड असतं ते माहीत असेल. आपल्याकडे 'हेही घाला' म्हणणारे पुष्कळ असतात, 'हे काढा' म्हणणारा एखादाच.

काचेची गोष्ट तर आणखी मजेदार. जानेवारीत दाखवलेल्या आयफोनचा पडदा प्लास्टिकचा होता. खिशातल्या किल्ल्यांनी त्यावर ओरखडे उठतात हे लक्षात आल्यावर विक्रीला काही महिने उरलेले असताना जॉब्जने काच लावायचा हट्ट धरला. कॉर्निंग कंपनीने ती पुरवली. प्लास्टिकवर ओरखडा येतो, काचेला तडा जातो. ओरखडा की तडा, यातलं जगाच्या वतीने त्या दिवसांत ठरून गेलं. आज आपण फोन घेतला की लगेच कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास घ्यायला पळतो ना, ते त्या निर्णयाचे हप्ते आहेत.

इथपर्यंतचे सौदे निदान काउंटरवर दिसत होते. कीबोर्ड नाही, कॅमेरा साधा, काच फुटते, सगळं घेणाऱ्याला समोर कळायचं. यानंतर मात्र सौद्यांची जात बदलली.

बॅटरीचंच घ्या. सॅमसंगचा गॅलेक्सी एस५ (२०१४) पाण्याला टिकायचा, आणि तरी मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता यायची. पुढच्याच वर्षीच्या एस६ ला मागे सुंदर काच आली. पण बॅटरी आत कायमची बंद झाली आणि २८०० ची २५५० एमएएच झाली, मेमरी कार्ड गेलं, वर पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं. 'पाणी शिरू नये म्हणूनच बॅटरी सील करावी लागते' असं दुकानदार सांगतो, तेव्हा मला एस५ आठवतो. सील करण्याला कारणं आहेत, फोन पातळ होतो, मजबूत होतो, सगळं मान्य. पण दुकानात पातळपणा दिसतो. बॅटरी दमणार दोन-तीन वर्षांनी, तेव्हा पावतीवरची शाईसुद्धा उडालेली असते.

बॅटरीला आत पुरेशी जागाच ठेवली नाही तर काय होतं, ते २०१६ च्या गॅलेक्सी नोट ७ ने दाखवलं. फोन पेटू लागले, परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले, आणि दोन महिन्यांत ते मॉडेलच बंद करावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं सांगितली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा अपुरी असल्याने आतले थर दबत होते, आणि दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे दोष होते.

आणि मग अ‍ॅपलचं प्रकरण. बॅटरी म्हातारी झाली की प्रोसेसरने अचानक जास्त करंट मागितला तर ती देऊ शकत नाही आणि फोन धाडकन बंद पडतो. त्यावर उपाय म्हणून २०१७ च्या एका अपडेटमध्ये अशा जुन्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला गेला. इंजिनिअर म्हणून सांगतो, उपाय अजिबात वाईट नव्हता. रस्त्यात बंद पडण्यापेक्षा सावकाश चाललेलं बरं. पण कोणालाच स्पष्ट सांगितलं नाही! लोकांना वाटलं फोन जुना झाला, आणि त्यांनी नवीन घेतले. नवी बॅटरी घालून काम भागलं असतं. लोकांनी चाचण्या करून आकडे समोर ठेवले तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केलं, आणि २०२० मध्ये अमेरिकेत पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली.

मला वाटतं या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. वस्तू बनवायची म्हणजे काहीतरी सोडावंच लागतं, त्यात पाप नाही. डायनाटॅकने सोडलं, पायलटने सोडलं, ११०० ने सोडलं. पाप आहे ते घेणाऱ्याला न सांगण्यात. आणि फोन जसजसा सॉफ्टवेअरचा होत गेला तसतसं सोडलेलं दिसेनासं झालं. अपडेट किती वर्षं मिळणार हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला मी तरी पाहिलेला नाही. बाबांच्या फोनचा खरा दोष तोच. घेतला तेव्हा आम्ही दोघांनी कॅमेरा पाहिला होता, तो आकडा विचारलाच नव्हता.

हल्ली हे थोडं बदलतंय. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आला, की फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी, यासाठी तिथल्या नियमात १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख आहे (टिकाऊ बॅटऱ्यांना काही सवलती आहेत, पण रोख स्पष्ट आहे). जे कंपन्या आपणहून सांगत नव्हत्या ते कायद्याने विचारायला सुरुवात केलीय, एवढं नक्की.

असो. रविवारी रात्री पंधरावा रकाना भरून शीट परत पाठवली. सातातले दोन फोन उरले होते. एकात अपडेट भरपूर वर्षं, पण हेडफोनची पिन लावायची जागा नाही. दुसऱ्यात ती जागा आहे, पण अपडेट दोनच वर्षं.

"पिन नाही म्हणजे रेडिओ नाही?" बाबांनी लगेच विचारलं. बरोबर पकडलं होतं त्यांनी. फोनमधल्या एफएमला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. आणि बाबांची सकाळ आकाशवाणीशिवाय उजाडत नाही. माझ्या चौदा रकान्यांत अर्थातच रेडिओ नव्हता.

मी म्हटलं, "मग दुसरा घेऊ या का? रेडिओ तुम्हाला रोज लागतो."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रेडिओ वेगळा विकत मिळतो. अपडेट वेगळे मिळतात का?"

"नाही."

"मग पहिला घे."

पुढच्या शनिवारी फोन घेऊन साताऱ्याला गेलो. बँकेचं अ‍ॅप सुरू झालं, लाइटबिल भरलं. बाबांनी तोवर पोवई नाक्यावरून एक छोटा रेडिओ आणून ठेवला होता. मागचं झाकण अंगठ्याने सरकवून त्यांनी त्यात दोन पेन्सिल सेल घातले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बघ, याची बॅटरी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते."