लिंटनचं मृत्युपत्र

दिवाणी कोर्टात वारसाचे दावे चालवण्यात हयात गेली. त्यामुळे कादंबरी वाचतानाही मी आधी वंशावळ मांडतो आणि कोण कधी सज्ञान झालं ते बघतो. एमिली ब्राँटीच्या 'वुदरिंग हाइट्स'ची अशी तपासणी आमच्याच पेशातल्या एकानं करून ठेवली आहे. चार्ल्स पर्सी सँगर हा लंडनचा चान्सरी बॅरिस्टर. त्याचं टिपण 1926 मध्ये वूल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसनं छापलं.

गोष्टीतल्या घटनांना सन दिलेत तीनच: 1801, 1802 आणि गोष्ट सांगणाऱ्या नेलीच्या बोलण्यात आलेला 1778. बाकीचे जुळवून काढायचे. नायिका कॅथरीनच्या भावाचा मुलगा हेअरटन 1778 च्या उन्हाळ्यातला. कॅथरीन लग्न होऊन सासरी गेली तेव्हा तो पाचाला टेकला होता, नेलीनं त्याला नुकती अक्षरं शिकवायला घेतली होती. म्हणजे लग्न 1783 च्या वसंतात. कॅथरीनची मुलगी त्याच्या पुढच्या 20 मार्चची. अशा धाग्यांवरून सँगरनं सगळं कालपत्रक उभं केलं.

माझ्या मते भक्कम पुरावा लिंटनच्या मृत्युपत्राचा. जेमतेम सतरा वर्षांचा हा पोरगा आपली आणि बायकोकडून, म्हणजे कॅथरीनच्या मुलीकडून, आलेली सगळी जंगम मालमत्ता बापाच्या, हीथक्लिफच्या, नावे करून मरतो. जमिनीला मात्र हात लावू शकत नाही, कारण तो अज्ञान. जुन्या इंग्रजी कायद्यात चौदा वर्षांच्या मुलालाही जंगमाचं मृत्युपत्र करता येई. 1837 च्या कायद्यानं, सैनिक-खलाशांचा अपवाद सोडला तर, एकविसाच्या आतल्यांचा तो हक्कच काढून घेतला. कादंबरी छापली गेली 1847 मध्ये. सुरुवातीला 1801 लिहून पुढे आपल्याच काळाचे व्यवहार घुसडणारे लेखक कमी नाहीत. पाद्र्याच्या घरात वाढलेल्या या बाईनं तसं केलं नाही.

आणि जमीन? मुलाची जमीन तेव्हा बापाकडे वारसानं जातच नसे. ती वाट 1833 च्या कायद्यानं उघडली. हीथक्लिफचा हक्क बसत नाही, हे सँगरनंही नोंदवलं आहे. तरी ताबा त्याचाच, कारण सुनेजवळ ना पैसा, ना पाठीशी माणूस. कादंबरीतही कारण हेच दिलं आहे. असे ताबे मी पुष्कळ पाहिले. कायद्याच्या बाजूनं 1801 या सनाला हरकत घ्यायला जागा नाही.