बेढब बाहुला आणि रोमची सोंगे

पावसाळा सरला की कपाटातली पुस्तके काढून उन्हात मांडायची, हा आमच्या घरचा दिवाळीपूर्वीचा जुना परिपाठ. गेल्या साली असे करताना युरोपातल्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक हाती आले. देवदूत, राजेरजवाडे, लढाया अशी पाने उलटता उलटता एका चित्रापाशी हात थांबला. भरचौकात माणसे मुखवटे लावून बागडत होती. धाकटी मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “बाबा, ह्यातला राजा कुठला?”

मी पुष्कळ शोधले. राजा नव्हताच.

ते चित्र यान मील नावाच्या चित्रकाराने १६४५ साली काढलेले. हा मूळचा अँटवर्पकडचा. पण रोमला येऊन राहिला. चित्रातला चौक रोमचा पियाझ्झा कोलोन्ना, आणि प्रसंग कार्निव्हलचा. ईस्टरपूर्वी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. त्याआधी पोटभर खाऊन, मनसोक्त हसून घ्यायचे, म्हणून हा उत्सव. सैल पांढरा अंगरखा आणि बाकदार नाकाचा काळा मुखवटा घातलेला पुल्चिनेल्ला हे त्यातले लाडके सोंग. रस्तोरस्ती साखरेत घोळवलेल्या बियांचा एकमेकांवर मारा व्हायचा. मुखवटा चढला की सरदार कोण नि शागीर्द कोण, हे चटकन ओळखू यायचे नाही.

आता आपल्याला असे चित्र पाहून नवल वाटत नाही. पण त्या काळी थोर चित्र म्हणजे पुराणकथा, संतचरित्र किंवा रणसंग्राम. रस्त्यावरच्या माणसाने कोपऱ्यात उभे राहावे, मध्यभागी येऊ नये, असा दंडक. तो ज्याने मोडला त्याची हकीकत मला मीलच्या चित्राइतकीच मोलाची वाटते.

त्याचे नाव पीटर व्हान लार. हॉलंडमधल्या हार्लेमचा. १६२५ च्या सुमारास तो रोमला आला. शरीराने तो बेढब होता. पाय लांब, धड आखूड, मान खांद्यांत रुतलेली. रोममधल्या त्याच्या देशबंधू चित्रकारांची एक मंडळी होती. नव्या सभासदाला टोपणनाव द्यायचे, अशी तिची रीत. व्हान लारला नाव मिळाले ‘बांबोच्चो’, म्हणजे बेढब बाहुला. सारे रोम त्याला त्याच नावाने ओळखू लागले. त्याने चित्रे काढली ती चुनाभट्टीजवळच्या माणसांची, लोहारांची, रस्त्यावर कडबोळ्यासारखे पाव विकणाऱ्याची. ज्याच्याकडे पाहून लोक हसत, त्याने लोकांकडे पाहिले ते मात्र हसण्यासाठी नव्हे, असे ती चित्रे पाहून मला वाटते. त्याच्या वाटेने गेलेल्यांना ‘बांबोच्चांती’, म्हणजे बाहुल्याचे चेले, म्हणू लागले. यान मील त्यांतलाच. लिंगेलबाखनेही रोमच्या कार्निव्हलचे चित्र काढले, आणि मीलने १६५३ साली आणखी एक.

थोरामोठ्यांनी ही चित्रे हौसेने विकत घेतली. पंडित मंडळी खवळली. साल्वातोर रोझा हा स्वतः चित्रकार आणि कवी. दारातल्या भिकाऱ्याला हाकलणारे धनिक त्याचेच चित्र दिवाणखान्यात टांगतात, असा त्याच्या टीकेचा रोख. टीका बोचरी होती, आणि खोटीही नव्हती. गंमत एवढीच की, याच रोझाने तरुणपणी रोमच्या कार्निव्हलात मुखवटा चढवून लोकांना हसवले होते!

पण या हसण्याला एक काळी किनार होती. १४६६ साली पोप दुसरा पॉल याने कार्निव्हलच्या शर्यती एका लांब सरळ रस्त्यावर आणल्या. त्यावरूनच त्या रस्त्याला ‘कोर्सो’ नाव पडले. तिथे बिनस्वाराचे घोडे धावत, गाढवे धावत, रेडे धावत. आणि ज्यूंनाही धावावे लागे. १५५५ पासून ज्यांना कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहणे भाग पडले होते, त्यांनी सणाच्या दिवशी धापा टाकत पळायचे नि दुतर्फा उभ्या गर्दीने हुर्यो करायची. मीलने ही चित्रे काढली तेव्हा ही धाव चालू होती. १६६८ साली पोप नववा क्लेमेंट याने ती बंद केली, पण फुकट नव्हे. तिच्या बदल्यात ज्यूंकडून दरसाल पैसा घेण्यात येऊ लागला. त्याच गावात, त्याच दिवसांत कोणी हौसेने सोंग घेत होता, आणि कोणावर ते लादले जात होते.

वाचकहो, इथे मला पुस्तक मिटावे लागले. माझ्या वर्गात पूर्वी एक मुलगा होता. एका पायाने अधू. एकदा कवायतीच्या तासाला तो मागे पडला, तेव्हा मी गमतीने म्हणालो, “या घोडेस्वार!” वर्ग हसला. तोही हसला. त्या दिवसापासून तो ‘घोडेस्वार’ झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी तो लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. मी चष्मा पुसत पाहतो आहे, तर वाकून नमस्कार करीत म्हणाला, “गुरुजी, ओळखलंत का? मी घोडेस्वार.”

मी त्याला बसवले, चहा दिला. बोलता बोलता ध्यानात आले की, त्याचे खरे नाव मला आठवत नव्हते. पत्रिकेत पाहीपर्यंत आठवले नाही.

बांबोच्चोने लादलेल्या नावाचेच मोठेपण करून दाखवले. पण ती थोरवी त्याची. नाव ठेवणाऱ्यांची नव्हे. आणि प्रत्येकाच्या हाती कुंचला नसतो.

“सापडला का राजा?” मुलीने पुन्हा विचारले. “नाही गं,” मी म्हटले, “ह्यात सगळी आपल्यासारखीच माणसं आहेत.”

त्याच संध्याकाळी मी त्या मुलाला दिवाळीचे पत्र लिहिले. पाकिटावर त्याचे नाव घातले. त्याचे, वडिलांचे, आडनाव, सगळे पूर्ण.