फेब्रुवारीतले ३०० रुपये

पेस्लिप नीट वाचणारे लोक कमीच. आमच्या टीममधला एक नवीन मुलगा मात्र वाचतो. फेब्रुवारीत तो विचारत आला, "दर महिन्याला प्रोफेशनल टॅक्स २०० कापतात, या महिन्यात ३०० का? पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का?" बग नाही. घटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ११ महिने २०० म्हणजे २,२००, उरलेले ३०० फेब्रुवारीत. हिशोब जुळला, गडी खूश. हा कर आला कशासाठी, हे काही त्याने विचारलं नाही. (मीही पहिली सहा वर्षं विचारलं नव्हतं.)

तर त्यासाठी बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागतं. घरात कोणी सत्तरीचं असेल तर विचारून बघा, 'बहात्तर' म्हटलं की मिलो ज्वारी आणि सुकडी निघणारच. पाऊस सलग काही वर्षं कमी होत गेला होता आणि १९७२ साली त्याने पाठच फिरवली. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि काहीच नसेल तर खडी फोडा. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ज्यांची स्वतःची शेती होती तेही घमेलं उचलायला आले होते.

पण कामाची कल्पना दुष्काळाच्या आधीची. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, गांधीविचाराचे. साठच्या दशकात त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूर भागात एक प्रयोग केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. खेड्यात पेरणी-कापणी सोडली तर अंगमेहनत करणाऱ्याला महिनोन् महिने काम नसतं. त्याला धान्य वाटण्यापेक्षा काम द्या, म्हणजे मजुरीही मिळेल आणि गावात बांध-तळी होतील. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ साली, रोजगार हमी योजना सुरू झाली. दुष्काळात ती दुष्काळी कामांमध्ये विरून गेली आणि नंतर पुन्हा उभी राहिली.

आता प्रश्न पैशाचा. १९७५ साली विधिमंडळाने व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी सगळ्यांनी थोडा थोडा द्यायचा. त्याच्या जोडीला विक्रीकर आणि मोटार वाहन करावर अधिभार, बागायती जमिनीवर आकारणी, आणि शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर. (शाळांसाठी १९६२ साली केलेल्या शिक्षण उपकराच्या कायद्यातच हा उपकर जोडला. म्हणून त्या कायद्याच्या नावात शिक्षण आणि रोजगार हमी दोन्ही आहेत.) आणि एक अट अशी की या करांतून जेवढं जमेल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची. वसुलीतला सर्वांत मोठा वाटा अर्थात मुंबईचा.

१९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोहयोचा कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. एकमताने! आज वाचताना गंमत वाटते. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने काम मागितलं तर १५ दिवसांत ते द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. योजना म्हटली की सरकारची मर्जी, आज आहे उद्या नाही. कायद्याने तो मागणाऱ्याचा हक्क झाला. कलम ४१ मध्ये कामाचा हक्क लिहिलेला आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. इथे एका राज्याने तो कायद्यात आणला.

एकमत का झालं? सगळे एकदम पुण्यवान झाले, असं मला नाही वाटत. मोठ्या बागाईतदाराला रस्ता आणि पाझर तलाव हवा होता, मजूरही गावातच राहायला हवे होते. मुंबईकराला फुटपाथवर नवीन बिऱ्हाडं नको होती. डाव्यांना आणि समाजवाद्यांना मजुरांची संघटना बांधायला कायद्याचा आधार मिळाला. ज्याचा त्याचा स्वार्थ, पण त्यातून मराठवाड्यातल्या एखाद्या भूमिहीन बाईला तहसील कचेरीत जाऊन "काम द्या" म्हणता आलं. आणि बायका खरंच मोठ्या संख्येने आल्या.

भानगडीही झाल्याच. मस्टरवर खोट्या हजेऱ्या, मोजमापात मारलेला हात, महिना-महिना थकलेली मजुरी. बेकारभत्ता तर क्वचितच कोणाला मिळाला. १९८८ मध्ये मजुरीचा दर जवळपास दुप्पट झाला आणि मग कामंच कमी निघू लागली, म्हणजे दर कागदावर वाढला आणि हमी जागेवर आटली. १९९० पासून या पैशातून फळबागाही झाल्या. कोकणातल्या आंबा-काजूच्या आणि सोलापुराकडच्या डाळिंबाच्या कितीतरी बागा त्यातल्या. त्या मला आवडतात, पण तिथे फायदा मुख्यतः ज्याच्याकडे जमीन आहे त्याचा.

२००५ साली केंद्राने हीच कल्पना देशभर नेली, कुटुंबाला वर्षाला १०० दिवस अशी मर्यादा घालून. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांना मर्यादा नव्हती, त्यामुळे १०० च्या पुढचे दिवस राज्याने द्यायचे अशी वाटणी झाली. इकडे नव्वदच्या दशकापासून बऱ्याच वर्षी करांतून जमलेली रक्कम रोहयोच्या खर्चापेक्षा जास्तच होती.

आणि आपल्या २,५०० चं काय? घटनेतली मर्यादा आधी २५० होती, १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २,५०० झाली. तिथेच ती थांबली. तेव्हाच्या कारकुनाला एवढी रक्कम भरायची तर घाम फुटला असता. आज आमचं शुक्रवारचं टीम लंच त्याच्यापुढे जातं.

हे सगळं मी त्या मुलाला कॉफीच्या मशीनपाशी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षी माझ्या पैशातून कुठे काय खोदलं, ते बघता येईल का?"

मी म्हटलं, पैसे तिजोरीत एकत्र होतात रे. तो म्हणाला, "मग ट्रॅकिंग आयडी तरी द्यायचा." आणि जागेवर जाऊन बसला.